रुंदी मामाची, उंची लंबूकाकाची

आधीच सांगून टाकते, लंबूकाका वारलेले नाहीत. ते फक्त शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे राहायला गेलेत. पण आमच्या घरातलं वातावरण बघितलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं की कुणीतरी वारलंय आणि सगळे ते माझ्यापासून लपवतायत.

मी कॉलेजसाठी मामाकडे राहते. मामाचं काच आणि आरशांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक लांबट खोली, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, मध्ये जाड कापड अंथरलेलं मोठं टेबल आणि दारापाशी दोन स्टुलं. मामा बुटका, पोट पुढे आलेला. लंबूकाका एवढे उंच की दुकानात शिरताना मान आपोआप खाली जायची, आणि मग ती दिवसभर तशीच खाली. मामा त्यांना लंब्या म्हणायचा, ते मामाला बुटक्या. मामाचं लग्न व्हायच्या आधीपासून दोघं एकत्र काम करत होते. मामी म्हणते, लग्नात नवरा कोण ते तिला पटकन कळेचना, कारण सगळीकडे दोघं एकत्रच फिरत होते. हे ती हसून सांगते, पण पूर्ण हसून नाही.

आता काचेचं काम दोघांचं का असतं ते ऐका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठी काच एकट्याला उचलता येत नाही. ती आडवी नेत नाहीत, उभी धरून नेतात, एक पुढे, एक मागे. मामा उलटा चालायचा, म्हणजे पाठ पुढे आणि तोंड काचेकडे, आणि लंबूकाका त्याच्या डोक्यावरून रस्ता बघायचे. पायरी आली की जिभेने टक् करायचे. वळण आलं की दोनदा टक् टक्. मामा मागे वळूनसुद्धा बघायचा नाही. भर बाजारातून, जिन्यावरून, कुत्र्यांमधून, एवढी वर्षं तो माणूस उलटा चालला.

आणि मापं. रुंदी मामा घ्यायचा आणि स्वतःच्या डाव्या तळहातावर पेनाने लिहायचा. उंची लंबूकाकांची. ते टेपचं वरचं टोक धरणार, मामा खालचं टोक पायाच्या अंगठ्याने दाबणार, आकडा लंबूकाका वाचणार आणि आपल्या तळहातावर लिहिणार. दुकानात आले की दोघं टेबलावर हात पालथे नाही, उताणे ठेवायचे, शेजारी शेजारी, आणि मग काच कापायची. मी एकदा म्हटलं, अरे कागदावर लिहा ना, मोबाईलमध्ये लिहा. तर लंबूकाका म्हणाले, "कागद हा कुठेतरी ठेवतो आणि मग मला शिव्या देतो. हात ठेवून ठेवून कुठे ठेवेल?"

तर हे सगळं छान चाललेलं. मग लंबूकाकांचा गुडघा गेला. आधी जिने बंद झाले, मग काठी आली. मग एक दिवस मामा चहा प्यायला गेला तर चहावाला म्हणाला, "आता एकट्याचाच कप लागणार म्हणजे. लंबूशेठ शनिवारी चालले ना मुलीकडे?"

मामाला माहीतच नव्हतं.

सगळ्यांना माहीत होतं. चहावाल्याला, टेम्पोवाल्याला, समोरच्या शिंप्याला. मामाला नाही. तो घरी आला, जेवला, झोपला. शनिवारी लंबूकाकांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मामा दुकानात बसून एकच आरसा पुसत होता. टेम्पो दुकानावरूनच गेला. थांबलासुद्धा थोडा, हॉर्न वाजला. मामा बाहेर आला नाही. हे मला शिंप्याने सांगितलं, मामा कशाला सांगतोय!

त्यानंतर ना फोन, ना काही. इकडून नाही, तिकडूनही नाही. महिने गेले.

आणि मामा सुकत गेला. सुकणं म्हणजे वजन नाही, पोट तिथेच आहे. पण तो घरात असून नसल्यासारखा झाला. मामी विचारायची, भाजीत मीठ बरोबर आहे का हो, तर म्हणायचा "हो", आणि मीठ घातलेलंच नसायचं. मी माझ्या कॉलेजच्या भानगडी सांगायचे, अमकी तमकीशी बोलत नाही वगैरे, तर पूर्वी तो म्हणायचा, "तिच्या बाजूनंही बघ की जरा, भवाने." आता नुसता "हं". एकदा मी मुद्दाम म्हटलं, "मामा, मी नापास झाले, शिवाय उद्या लग्न करतेय." तो म्हणाला, "हं. सांभाळून जा."

मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. मला असं काही झालं की रडूच येतं.

मामी म्हणाली, "अगं आपण आहोत ना त्यांना. घर आहे, तू आहेस, मी आहे. एका माणसावाचून काय अडतं?" पण अडत होतं, दिसत होतं आणि ते मामीला माझ्याआधी दिसत होतं.

एक दिवस मामा चष्मा घरी विसरला. मी दुपारी दुकानात नेऊन दिला. तो जेवायला बसत होता. स्टुलावर बसला, डबा उघडला, डब्याच्या झाकणात निम्मी भाजी काढली आणि झाकण समोरच्या स्टुलावर ठेवलं. मग दोन घास खाल्ले. मग झाकण उचललं आणि भाजी परत डब्यात ओतली. मी दारात उभी होते. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, "गरम होती. गार करत होतो."

मी चष्मा टेबलावर ठेवला.

जेवून झाल्यावर त्याने आरशाची मोठी काच टेबलावर घेतली. टेम्पोवाल्याने पलीकडून धरली, ठेवली आणि तो निघून गेला. एका नाचाच्या क्लासची ऑर्डर होती. तिथला भिंतीतला जुना आरसा तडकलेला, लाकडी चौकट शाबूत होती, त्यात नवा बसवायचा. माप मामा सकाळी एकटाच जाऊन घेऊन आलेला. त्याने चष्मा लावला, डावा तळहात टेबलावर उताणा ठेवला आणि आकडा वाचला. मग शेजारी बघितलं. म्हणजे खरंच मान वळवून, टेबलाच्या त्या रिकाम्या जागेकडे, जिथे दुसरा हात असायचा.



"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही."

"उंची कुठे लिहिलीयेस?"

"माहितीये मला उंची," मामा म्हणाला आणि त्याने पट्टी लावली.

मी गप्प बसले, कारण काच कापताना बोलायचं नाही हा त्या दुकानाचा नियम आहे. काच कापायच्या हिऱ्याची रेघ एका दमात मारावी लागते. मध्येच हात थांबला तर काच भलतीकडे फुटते. रेघ मारली, टेबलाच्या काठावर घेऊन टिचकी दिली आणि काच सरळ तुटली. सुंदर तुटली. चुकीची, पण सुंदर.

दुसऱ्या दिवशी मला कॉलेज नव्हतं म्हणून मीही टेम्पोत बसून क्लासला गेले. मामा उलटा चालत होता, टेम्पोवाला पुढे बघत होता. तो माणूस चांगला आहे, पण त्याचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही. मेहुण्याची भानगड सांगत सांगत त्याने मामाला सरळ उंबऱ्यावर नेऊन आपटवलं.

"सांगायचं ना!" मामा ओरडला.

"काका, मी सांगतच होतो, मेहुणा काय म्हणाला ते."

"पायरीचं सांग रे, पायरीचं! मेहुणा गेला खड्ड्यात!"

आरसा वाचला, मामाची टाच सोलली. मग त्यांनी आरसा चौकटीत उभा केला. रुंदी एकदम फिट्ट, केसभर इकडे नाही का तिकडे नाही. आणि वर? वर एक वीतभर मोकळी जागा, मागची हिरवी भिंत दिसतेय.

क्लासच्या बाई आल्या. चांगल्या उंच होत्या. आरशासमोर उभ्या राहिल्या. हनुवटी दिसली, नाक दिसलं, डोळ्यांच्या वर सगळी हिरवी भिंत.

"काका," त्या म्हणाल्या, "यात माझं कपाळ कुठंय?"

टेम्पोवाला फिस्सकन हसला. बाईंनाही हसू आलं. खरं सांगायचं तर मलाही आलं असतं, पण मी मामाकडे बघितलं. तो आरशाकडे बघत होता. आरशात तो स्वतः मात्र पूर्ण मावत होता, डोक्याच्या वर भरपूर जागा ठेवून.

"चुकलं," तो म्हणाला. "परत माप घेतो. नवीन देतो करून."

बाई भल्या होत्या, म्हणाल्या, काही घाई नाही. आरसा उतरवला. मामा स्टुलावर चढला आणि टेप वर धरली. पण खाली कोण दाबणार? टेप मध्येच वाकायची आणि सर्रकन गुंडाळून परत जायची. असं दोनतीनदा झालं. बाईच पुढे आल्या आणि खालचं टोक त्यांनी धरलं. मामा चौकटीच्या वरच्या कडेला टेप लावून उभा होता आणि त्याच्या तोंडून गेलं,

"बघ रे लंब्या, किती?"

बाईंनी टेप तशीच धरून वर बघितलं. टेम्पोवाला आपल्या चपलांकडे बघायला लागला.

मामा स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. रडला वगैरे नाही. नुसता बसला, जसं माणूस खूप लांबून चालत आल्यावर बसतो. बाईंनी पाणी आणून दिलं, ते हातात धरून ठेवलं, प्यायला नाही. मी शेजारी जमिनीवर बसले.

"मामा, दमलास का?"

"हो गं," तो म्हणाला. "सगळं आपणच आपलं बघायचं, पुढचं पण आणि मागचं पण. नाही जमत आता."

मला राहवलं नाही. मला कधीच राहवत नाही. मी त्याच्या खिशातून त्याचा मोबाईल काढला, बाहेर व्हरांड्यात गेले आणि लंबूकाकांना लावला. पहिली रिंग पूर्ण वाजायच्या आत उचलला गेला.

"बोल," लंबूकाका म्हणाले. फक्त "बोल". पण असं, जणू श्वास घेऊन तोंडाशी तयार ठेवलेलं असावं.

"काका, मी बोलतेय. भाची."

"हां," ते म्हणाले. आवाज एकदम खाली बसला. "तू होय. बरा आहे ना तो?"

"नाही. तुम्ही फोन का नाही केलात?"

"मी कशाला करू? मी निघालो त्या दिवशी दुकानासमोर टेम्पो थांबवला होता मी. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. मेलो असतो तर तरी आला असता का, विचार त्याला."

"तुम्हीच विचारा. पत्ता पाठवा."

"त्याला नको असेल तर..."

"काका, पत्ता पाठवा!" मी ओरडले. व्हरांड्यात नाचाच्या पोरी बसलेल्या, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मामाला मी सांगितलं, चल. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, तुला माहितीये कुठे. तो म्हणाला, "दुकान उघडायचंय." मी म्हटलं, "उघडून काय करणार? भाजी गार करणार?" बोलले आणि वाईट वाटलं. पण तो उठला.

दोन बस बदलून गेलो. अख्ख्या रस्त्यात मामा खिडकीबाहेर बघत होता. एकदाच बोलला, "काय बोलायचं असतं अशा वेळी?" मी म्हटलं, मला काय माहीत. मला खरंच माहीत नव्हतं. माझं भांडण झालं की मी समोरच्याला ब्लॉक करते.

लंबूकाकांच्या मुलीने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाळ झोपलं होतं, आत्ताच, मुश्किलीने. घर छोटं, एक खोली पडद्याने दोन केलेली. पडद्याच्या अलीकडे खिडकीपाशी लंबूकाका बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या अंगावर इस्त्री मी पहिल्यांदा बघितली. पाय समोरच्या खुर्चीवर. उठायला गेले, उठता आलं नाही, परत बसले.

मामा उभा राहिला. आणि मग दोघं भांडले. पण बाळ झोपलेलं, म्हणून कुजबुजत! मी आयुष्यात असं भांडण बघितलं नाहीये. हे दोघं, ज्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ते एकमेकांवर श्वासाने ओरडत होते.

"चहावाल्याला सांगितलंस," मामा कुजबुजला. "शिंप्याला सांगितलंस. मला नाही."

"त्यांना सांगताना माझा गळा दाटत नव्हता, गाढवा."

"मग दाटू द्यायचा!"

"आलो होतो सांगायला. तू काच कापत होतास."

"कापून झाल्यावर सांगायचं!"

"कापून झाल्यावर तू हसत होतास. बघ लंब्या, लोण्यासारखी तुटली म्हणालास. तेव्हा सांगू? तूच सांग, तेव्हा कसं सांगू?"

मामा दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "हॉर्न वाजला तेव्हा मी आत होतो."

"माहितीये. मला पाठ दिसत होती तुझी."

"बाबा, हळू," मुलगी पडद्यातून म्हणाली, खरं तर याहून हळू काय बोलणार होते ते. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आल्यापासून पहिल्यांदा एवढं बोलतायत. दिवसभर त्या खिडकीत बसतात. विचारलं की म्हणतात, मस्त चाललंय."

लंबूकाका म्हणाले, "चाललंयच मस्त." मग मामाकडे बघून, "तुझं कसं चाललंय?"

"मस्त," मामा म्हणाला.

दोघं खिडकीबाहेर बघायला लागले. खाली पार्किंग होतं फक्त. मग मामा म्हणाला, "आरसा चुकला."

"कितीने?"

मामाने अंगठा आणि करंगळी ताणून हवेत वीत धरली. लंबूकाकांनी ती वीत बघितली. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर तोंडात कोंबली. मामाने उशी घेतली आणि तोंडावर दाबली. दोन म्हातारे आवाज न करता हसत होते आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं होतं ते मला माहीत नाही, मला विचारू नका.

हसून झाल्यावर लंबूकाका थकून मागे टेकले.

"मी येणार नाही रे आता. जिना होत नाही. काच तर विसरच."

"माहितीये."

"दुसरा माणूस बघ."

"बघतो."

"नाही बघणार तू."

"नाही," मामा म्हणाला. "कंटाळा आलाय. कुणाला परत पहिल्यापासून सगळं शिकवत बसू? पाय कधी उचलायचा, कधी गप्प बसायचं. आपण कुणी कुणाला शिकवलं होतं का ते? आपोआप झालं. आता आपोआप व्हायला वेळ कुठंय?"

लंबूकाकांनी "मी आहे ना" असं काही म्हटलं नाही. पाय बाजूला घेतला आणि खुर्ची मोकळी केली. मामा तिच्यावर बसला. मुलीने चहा आणला, तो प्याले. मग लंबूकाकांचा डोळा लागला. थोड्या वेळाने मामाचाही. मी मोबाईलवर सबमिशन टाइप करत बसले, आणि खोलीत तीन जणांचं घोरणं चालू होतं, बाळ धरून.

नाचाच्या क्लासचा आरसा मामाने नव्याने करून दिला. टेम्पोवाला आणि मी, आम्ही माप धरलं, बरोबर बसला. पण तो शेवटचा मोठा. आता मामा मोठी काच घेत नाही. फोटोच्या फ्रेमा, छोट्या खिडक्या, बाथरूमचे आरसे, एकट्याला उचलतील एवढंच. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, "मोठं काम बंद केलंय." का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, "माणूस नाही."

आणि दुकान बंद असतं त्या दिवशी तो सकाळीच आवरून लंबूकाकांकडे जातो. दोन बस जायला, दोन यायला. परत येतो तेव्हा चेहरा उतरलेला असतो. उन्हातान्हातून, गर्दीतून, या वयात. मला वाटलं होतं की भांडण मिटलं की मामा पूर्वीसारखा होईल. तसा नाही झाला. भाजीत मीठ नाही हे आता त्याला कळतं, एवढंच झालं.

परवा तो चपला घालत होता तेव्हा मामी दारात उभी राहिली.

"एवढं काय करता हो तिथे जाऊन?"

"काही नाही. बसतो. मग झोपतो."

"झोपायला दोन बस बदलून जायचं? इथे पलंग नाही का?"

मामा बक्कल लावत म्हणाला, "इथे झोप लागत नाही गं."

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. तो गेला. मामी दार लावून आत आली आणि ओट्यापाशी उभी राहिली, नळ चालू न करता. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी जाऊन तिला मागून मिठीच मारली.

"सोड गं, घामट झालेय मी," ती म्हणाली. पण हलली नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझी पण होती एक. शाळेतली. आम्ही एकाच बाकावर बसायचो. ती आजारी पडली की मी पण शाळेत जायचे नाही."

"कुठे असते आता?"

"लग्न होऊन गेली. मग मी पण आले इकडे. मग तुझा मामा, दुकान, सासूबाईंचं आजारपण... राहिलंच."

"आडनाव सांग तिचं. सासरचं. मी आत्ता शोधते, दोन मिनिटांत सापडेल." मी मोबाईल काढला पण.

मामी विचार करत राहिली. खूप वेळ. कपाळावर आठ्या आणून, जसं किल्ली कुठे ठेवली ते आठवावं तसं.

"सासरचं नाही गं आठवत," ती शेवटी म्हणाली आणि तिने नळ सोडला.